चाकाचा दात की स्क्रू?

२४ जून १९४५ रोजी मॉस्कोच्या लाल चौकात दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाचं संचलन झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यात सहभागी झालेल्यांना क्रेमलिनमध्ये मेजवानी दिली गेली. तिथे स्टॅलिनने उंचावलेला एक प्याला लहान हुद्द्याच्या, साध्यासुध्या माणसांसाठी होता. राज्याच्या अवाढव्य यंत्रातले ‘विन्तिक’ समजतात ती ही माणसं, पण त्यांच्यावाचून आम्हा मार्शल-सेनापतींना काडीची किंमत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. ‘प्रावदा’ या वृत्तपत्राने ते छोटं भाषण छापलं. सामान्य माणसासाठी ‘विन्तिक’ म्हटलं की रशियन वाचकाला आजही ते आठवतं.

रशियनमधून इंग्रजीत भाषांतर करताना हा शब्द माझ्यापुढे वारंवार येतो. ‘विन्त’ म्हणजे स्क्रू आणि ‘इक’ हा लघुत्वाचा प्रत्यय, म्हणून विन्तिक म्हणजे छोटासा स्क्रू. इंग्रजीत मात्र त्याचा बहुतेकदा ‘कॉग’ होतो, म्हणजे दातेरी चाकाचा दात. त्याला कारणं आहेत. यंत्रातला क्षुद्र घटक या अर्थाचा कॉगचा वाक्प्रचार इंग्रजीत तयारच आहे. उलट ‘स्क्रू’ला बोलीभाषेत अश्लील अर्थ चिकटलेला आहे, आणि ब्रिटनमध्ये तुरुंगातल्या पहारेकऱ्यालाही तसं म्हणतात. गंभीर भाषण वाचताना वाचक भलतीकडेच जाईल ही भीती खरी आहे. मिखाईल हेलर यांच्या सोव्हिएत माणसाच्या घडणीवरच्या पुस्तकाचं रशियन नाव ‘यंत्र आणि विन्तिक’ असं आहे. १९८८ च्या इंग्रजी आवृत्तीवर मात्र चाकातले कॉग आले. लेनिनने १९०५ च्या एका लेखात साहित्याला पक्षकार्याच्या यंत्रातलं छोटं चाक आणि विन्तिक म्हटलं होतं. त्याच्या प्रचलित इंग्रजी भाषांतरात छोट्या चाकाचा कॉग झाला आणि विन्तिकचा स्क्रूच राहिला.

शब्दकोश इथे फार पुढे नेत नाही. अशा वेळी मी शब्द बाजूला ठेवून वस्तूकडे बघतो. चाकाचा दात ढकलला जातो आणि पुढच्याला ढकलतो, आलेली गती पुढे देणं हे त्याचं काम. स्क्रूने जागचं हलायचं नसतं. कुणाचा तरी हात त्याला पिळून बसवतो, आटे घट्ट बसले की तो दोन भाग एकत्र धरून ठेवतो. हे लक्षात ठेवून मग मूळ मजकूर पुन्हा वाचायचा, या वेळी क्रियापदांवर बोट ठेवून. भाषणात पुढे स्टॅलिन म्हणतो, की पाया शिखराला धरून ठेवतो तशी ही माणसं आम्हाला धरून ठेवतात. धरून ठेवणं हे तर स्क्रूचंच काम! कॉग लिहिला की या क्रियापदाशी असलेलं विन्तिकचं नातं तुटतं. म्हणून मी स्क्रू निवडतो आणि त्याच्याआधी ‘लिटल’ जोडतो. त्याने लघुत्वाचा प्रत्ययही सांभाळला जातो आणि अश्लील अर्थही मागे हटतो.

पुढची अडचण ‘समजतात’ या क्रियापदाची. कोण समजतं, ते रशियन वाक्य सांगत नाही. मराठीतही असं कर्त्यावाचून सहज बोलता येतं. इंग्रजीत कर्मणी रचना करावी लागते, नाहीतर ‘लोक’ हा कर्ता आणावा लागतो. मी कर्मणी घेतो. ‘लोक समजतात’ असं लिहिलं तर तुच्छ लेखण्याचा दोष जनतेच्या माथी जातो. मुळात तो कुणाच्याच माथी नाही, सत्तेच्या शिखरावर बसलेला वक्ताही त्यातून अलगद सुटलेला आहे. त्याचं हे सुटणं इंग्रजी वाचकालाही दिसायला हवं. छापील मजकुरात विन्तिकभोवती अवतरणचिन्हं आहेत, तीही राहू द्यायची. हा शब्द मी दुसऱ्याकडून घेतलाय, असं वक्ता त्यांतून सुचवतो.

पुढे, विशेषतः पेरेस्त्रोइकाच्या, म्हणजे सोव्हिएत व्यवस्थेतल्या सुधारणांच्या, वर्षांत, हाच शब्द आरोप म्हणून फिरला. माणसांचे स्क्रू करून टाकणारी राजवट, असा त्याचा रोख होता. निव्वळ अशा मजकुरात कॉग चालू शकतो, कारण लिहिणाऱ्याला क्षुद्रपणच दाखवायचं असतं. पण एकाच लेखात स्टॅलिनचा प्यालाही असेल आणि त्यावरचा संतापही, तर दोन्हीकडे एकच शब्द हवा. गौरव आणि आरोप एकाच शब्दातून निघाले, हे त्याशिवाय कळणार नाही. इंग्रजी वाचकाला स्क्रू पचत नाही असंही नाही. १९६३ पासून चीनमध्ये आदर्श म्हणून पुढे केलेला सैनिक लेई फंग कधी न गंजणारा स्क्रू म्हणून ओळखला जातो आणि इंग्रजीत त्याचा स्क्रूच राहतो.

त्या युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ६६ लाख माणसं गेली. जे वाचले, त्यांचे आभार विजयाच्या मेजवानीत या एका शब्दाने मानले गेले. त्यात किती मान होता आणि किती हिशेब, हे वाचकाने ठरवावं. त्यासाठी मूळ शब्द त्याच्या हाती जसाच्या तसा पोचवणं हे माझं काम आहे, आणि त्यात मला सवलत नको.