जुन्नर : शिलालेखापासून सुपारीपर्यंत

पुण्याहून शिवनेरीला जाणारे बहुतेक जण शिवजन्मस्थान पाहून माघारी फिरतात. जुन्नर तालुक्याचा निम्मा ऐवज गडाबाहेर आहे.

नाणेघाट. कोकणातून जुन्नरला येणारी सातवाहनकालीन व्यापारी वाट. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असं परंपरा सांगते. जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाणी यांची मोजदाद त्यात आकड्यांत कोरली आहे. भारतीय अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी हा एक. शून्य मात्र त्यात नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत.

नारायणगाव. तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास फडमालक इथे राहुट्या टाकतात, बाहेर फडाच्या नावाचा फलक लावतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन तारीख आणि रक्कम ठरवतात, सुपारी देतात. मोठ्या जत्रांच्या तिथींना भाव चढा असतो. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपती पदक मिळालं, तरी त्यांची अखेर हलाखीत झाली. राज्य शासनाचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो. जिवंतपणी आधार मिळाला असता, तर त्याचं मोल अधिक असतं.

चैत्रात शिवनेरीला गेलात तर परतताना नारायणगावात थांबा. कोणता फड कुठल्या गावी आहे ते विचारा आणि जत्रेतला वग शेवटपर्यंत बसून पाहा.