लहान होडीसाठी जीपीएस आणि फिशफाइंडर : खरेदीपूर्वी काय पाहावे?

दिवाळे, करावे, सारसोळे, वाशी या नवी मुंबईच्या खाडीकाठच्या गावांत पावसाळी मासेमारी बंदीचा काळ हा होड्यांच्या डागडुजीचा काळ असतो. लाकूडकाम, रंग, मशीन आणि जाळी यांच्या खर्चात आता जीपीएस व फिशफाइंडर यांची भर पडली आहे. होडीचा मालक, यंत्र बसवणारा मिस्त्री आणि ते विकणारा दुकानदार या तिघांनाही त्यांची नेमकी माहिती हवी. चुकीचे यंत्र घेतले तर केवळ पैसे वाया जात नाहीत. अंधारात त्यावर विसंबून परतणाऱ्या तांडेलाचा व खलाशांचा जीवही धोक्यात येतो.

दर्यावर वाट शोधण्याची विद्या आपल्याला परकी नाही. पंधराव्या शतकातील प्रसिद्ध अरब नाविक अहमद इब्न माजिद यांच्या काळी 'कमाल' नावाची लाकडी पाटी आणि गाठी मारलेली दोरी यांच्या साहाय्याने ध्रुवताऱ्याची उंची मोजीत. त्यावरून जहाज किती उत्तरेला आहे ते कळे. आज ताऱ्यांच्या जागी उपग्रह आले आहेत.

जीपीएस घेताना

जीपीएस होडी कोठे आहे ते सांगते. मे २००० पूर्वी अमेरिकेने नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम चूक ठेवली होती, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडत असे. ती चूक काढून टाकल्यापासून साधे यंत्रही मोकळ्या आकाशाखाली पाच-दहा मीटरच्या आत जागा दाखवते. म्हणून 'आमचे यंत्र जास्त अचूक' एवढ्यावरून जास्त पैसे मोजू नयेत. पाहायचे ते असे : भर उन्हात पडदा वाचता येतो का? ओल्या हाताने बटणे चालतात का? पाण्यात पडले तर टिकते का? 'आयपीएक्स ७' असा शिक्का असेल तर ते एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी झालेली असते. माणूस पाण्यात पडल्यास ती जागा एका दाबात नोंदवणारे बटण असेल तर फार उत्तम.

खाडीतच फिरणाऱ्या होडीला महागडा नकाशा लागत नाही. गेलेली वाट जपून त्याच वाटेने परत आणणारी सोय पुरते. उरण, करंजाच्या बाहेर जाणाऱ्याने मात्र नकाशात भारताचा किनारा तपशिलाने आहे का, हे दुकानातच उघडून पाहावे. नकाशा जुना असेल तर जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूचे खांबही त्यात नसतील.

एक चूक नेहमी होते. एकाने सांगितलेली जागा दुसरा आपल्या यंत्रात भरतो, पण दोघांची मांडणी वेगळी असते. '५०.५० मिनिटे' म्हणजे ५० मिनिटे ३० सेकंद. ते कोणी ५० मिनिटे ५० सेकंद असे भरले तर अक्षांशात सहाशे मीटरहून जास्त फरक पडतो. एवढ्या फरकाने जाळे खडकावर जाते. दोन्ही यंत्रांची मांडणी आधी जुळवावी.

फिशफाइंडर कसे काम करते?

जपानच्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये पहिला व्यवहारोपयोगी फिशफाइंडर बाजारात आणला. तत्त्व तेच आहे. तळाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी ऐकतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, त्यावरून खोली निघते.

बाजारात मुख्यत्वे ५० आणि २०० किलोहर्ट्झची यंत्रे मिळतात. ५० चा आवाज खोल जातो, पण पसरतो. २०० चा आवाज अरुंद राहतो व उथळ पाण्यात बारकावे दाखवतो. आपल्या खाडीसाठी व किनाऱ्याजवळच्या मासेमारीसाठी २०० पुरेसा आहे. वीस अंशांचा झोत दहा मीटर खोलीवर फक्त साडेतीन मीटर रुंदीचा तळ पाहतो. म्हणजे पडद्यावर दिसते ते होडीखालचे, पुढचे नव्हे.

प्रतिध्वनी मुख्यतः माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून येतो. बोंबील, मुशी, पाकट यांना ती पिशवी नसते, म्हणून ते पुसट दिसतात. चिखलाला चिकटलेली कोळंबी व चिंबोरी तर दिसतच नाहीत. ज्याचा धंदा कोळंबीवर आहे त्याने 'मासा दाखवणारे यंत्र' म्हणून हे घेतल्यास पदरी निराशा येईल. त्याचा खरा उपयोग तळ ओळखण्यासाठी आहे. तळरेषा जाड व ठळक असेल आणि खाली दुसरी रेषा उमटत असेल तर तळ कठीण. पुसट असेल तर गाळ. खडक वेळीच ओळखून एक जाळे वाचले तरी मोठा खर्च वाचतो.

वॉटचा आकडा तपासून पाहावा. डब्यावर '१६०० वॉट पीक-टू-पीक' असे छापलेले असते. त्याला आठाने भागले की खरी शक्ती निघते : २०० वॉट. उथळ पाण्याला तेवढी पुरते. विकणाऱ्याने हा हिशोब गिऱ्हाइकाला आपणहून सांगावा. मालाचे खरे स्वरूप न लपवणे हाच आपल्या व्यापाराचा दंडक आहे.

बसवण्याचे काम

निम्म्या तक्रारी यंत्राच्या नसून बसवणीच्या असतात. हवेचे बुडबुडे आवाज अडवतात, म्हणून ट्रान्सड्यूसर पंख्याच्या फेसापासून दूर बसवावा. फायबरच्या होडीत भरीव थरातून आवाज जातो. फोम किंवा लाकडातून नीट जात नाही. लाकडी होडीत तो पाण्याला भिडेल असाच लावावा लागतो. तार थेट बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजसह आणावी. एक अँपियर ओढणारे यंत्र दहा तास चालले तर दहा अँपियर-अवर खर्ची पडतात, आणि साधी बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवू नये. हे काम शिकलेल्या मिस्त्रीला बंदरावर चांगला रोजगार आहे.

खोली वाचताना भरती-ओहोटी विसरू नये. उधाणाला मुंबई बंदरात हा फरक साडेतीन मीटरहून जास्त होतो. सकाळी जेथून होडी सुखरूप गेली तेथेच दुपारी ती रुतू शकते.

पैसे देण्यापूर्वी

यांत्रिक नौकांसाठी सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथून एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू केली. संकटाचा संदेश पाठवणारे हे यंत्र मच्छीमाराला मोफत देण्याची तरतूद आहे. ते आपल्या होडीला मिळते का, हे मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारावे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था माशांच्या संभाव्य जागांची माहिती मराठीतही विनामूल्य देते. ती वापरायला साधे जीपीएस पुरे. मात्र उपग्रहावरून संदेश पाठवणारी परदेशी यंत्रे सरकारी परवानगीवाचून घेऊ नयेत, ती बाळगणे गुन्हा ठरतो.

पक्की पावती घ्यावी. हप्त्याने घेत असाल तर व्याजाचा करार टाळून एकच ठरलेली किंमत लिहून घ्यावी. आणि यंत्र कितीही चांगले असले तरी होकायंत्र व वडिलांनी दाखवलेल्या किनाऱ्यावरच्या खुणा विसरू नयेत. बॅटरी कधीही उतरू शकते. तेव्हा घरी पोचवणारे तेच ज्ञान असते.