‘टॅबर्ड’चे ‘टॉलबट’: एका लुप्त पांथगृहाचे नाव

चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील यात्रेकरू ज्या ‘टॅबर्ड’मध्ये एकत्र जमतात, ते टेम्सच्या दक्षिणतीरी सदर्क येथील पांथगृह केवळ कविकल्पना नव्हे. त्याचा यजमान हॅरी बेली याच्याच नावाचा गृहस्थ १३७६ साली सदर्कतर्फे पार्लमेंटात होता. १६७६ च्या आगीत ही वास्तू भस्मसात झाली. पुन्हा उभारल्यावर तिचे नाव ‘टॉलबट’ पडले. टॅबर्ड म्हणजे भालदार-चोपदारांचा आखूड अंगरखा, तर टॉलबट ही शिकारी कुत्र्याची जात. पुराणवस्तुप्रेमी जॉन ऑब्री याने या बदलाचे खापर मालकाच्या अज्ञानावर फोडले. हा निवाडा मला कठोर वाटतो. पांथगृहाची पाटी ही निरक्षरांची लिपीच होय. तेथे नाव चित्राच्या आधाराने जगते. अंगरखा सर्वसामान्यांच्या वापरातून गेल्यावर ते चित्र ओळखेनासे झाले, आणि जवळच्या ध्वनीचा, पाट्यांवर आधीच रूढ असलेला शब्द त्या जागी बसला. लोकव्युत्पत्तीचा मार्ग बहुधा असाच असतो. (कुत्रा रंगविणे अंगरख्याहून सोपे, हेही विसरू नये.) पुढे रेल्वेने घोडागाड्यांची वाहतूक संपविली व १८७३ मध्ये इमारत पाडण्यात आली. तेथील गल्ली आज ‘टॉलबट यार्ड’ म्हणूनच ओळखली जाते. मूळ नावाचा स्मृतिफलक २००३ मध्ये लागला.