मरव्याचा क्रीटमधला भाऊ

दिक्तमोचं पान बोटांत धरलं की फ्लॅनेलचा तुकडा धरल्यासारखं वाटतं. आकार जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढा, आणि वर पांढुरकी लव इतकी दाट की पानाचा हिरवा रंग तिच्याखाली दडून बसतो. चुरडलं की वास येतो तो आपल्या पानओव्याच्या वळणाचा. त्याला कारण आहे. दोन्ही वनस्पती तुळशीच्या कुळातल्या आणि दोघींच्या तेलात कार्व्हाक्रोल हे द्रव्य असतं. नातं आणखी जवळचं हवं असेल तर मरवा आहेच. गजऱ्यात ओवला जाणारा मरवा, पिझ्झावर भुरभुरायचा ओरेगॅनो आणि दिक्तमो ही तिन्ही ओरिगॅनम घराण्यातली भावंडं.

मरवा कुठल्याही परसात रमतो. दिक्तमोनं मात्र राहायला कडे निवडले. ग्रीसच्या क्रीट बेटावरचे चुनखडीचे डोंगर आणि घळी सोडल्या तर जगात तो रानात कुठेच उगवत नाही. कातळाच्या भेगेत साचलेली मूठभर माती त्याला पुरते. उन्हाळ्यात तिथे पाऊस जवळपास नसतोच. पानांवरची लव ऊन परतवते आणि पानातलं पाणी उडू देत नाही. झुडूप जेमतेम वीतभर. उन्हाळ्यात त्याच्या नाजूक दांड्यांवर गुलाबी-जांभळी, खवल्यांसारखी एकावर एक बसलेली पानं झुंबरासारखी लोंबतात. खरी फुलं त्यांतून हळूच डोकावतात.

क्रीटमधल्या रानबोकडांना बाण लागला की ते दिक्तमो खातात आणि बाण गळून पडतो, असं ॲरिस्टॉटलनं नोंदवून ठेवलं आहे. बोकडांना कोणी विचारलं, हा प्रश्न वेगळा! रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात जखमी ईनीअससाठी त्याची आई व्हीनस ही वनस्पती क्रीटच्या इडा पर्वतावरून आणते. हॅरी पॉटर वाचलेल्या मुलांनाही ती ठाऊक असते: जखमी रॉनच्या दंडावर हर्मायनी ज्या ‘डिटनी’च्या अर्काचे थेंब टाकते, ती हीच.

बेटावर तिचं लाडकं नाव ‘एरोंदास’, म्हणजे प्रेमाशी नातं सांगणारं. प्रेयसीसाठी ती आणायची तर कड्यावर चढावं लागे. विक्रीसाठी गोळा करणारेही दोराला लटकून ती काढत, आणि त्यात काहींचे जीव गेले. आता बाजारात येणारा माल मुख्यतः शेतातला असतो. हेराक्लिओन परिसरातलं एम्बारोस गाव या शेतीसाठी ओळखलं जातं. लागवडीमुळे माणसांचा धोका टळला आणि कड्यांवरच्या झाडांनाही उसंत मिळाली.

घरी लावायचा तर आधी बागकामाची एक सवय मोडावी लागते. दिक्तमो तहानेनं क्वचित मरतो. त्याला मारतं ते रोजचं मायेचं पाणी. मातीची कुंडी घ्यावी, बुडाचं भोक मोकळं ठेवावं. निम्मी माती आणि निम्मी जाडी वाळू व बारीक खडी असं मिश्रण करून त्यात चुनखडीचा चुरा मिसळावा. शेणखत भरभरून घातलं तर फांद्या लांबट, पिळपिळीत होतात आणि वास उतरतो. कुंडीला दिवसभर ऊन हवं. बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावं, तेही बुडाशी. झारीनं वरून शिंपडलेलं पाणी लवेत अडकतं आणि पानं काळी पडून कुजतात.

बी धुळीसारखं बारीक असतं, म्हणून फुलं नसलेल्या कोवळ्या फांदीची छाट वाळूत लावणं सोपं. हिवाळा सरता सरता जुन्या काड्या छाटल्या की बुडातून नवे धुमारे फुटतात. थंडी त्याला बऱ्यापैकी सोसते, थंडीतली ओल सोसत नाही. म्हणूनच ब्रिटनमधले हौशी बागवान हिवाळ्यात त्याला काचेच्या छपराखाली ठेवतात. पुण्या-नाशिकच्या गच्चीवर कोणी प्रयोग केलाच, तर जून ते सप्टेंबर कुंडी वळचणीखाली हवी. कोकणातला पाऊस आणि दमट हवा त्याच्या अगदी उलट प्रकृतीची.

रोप मागताना नाव नीट सांगावं: ओरिगॅनम डिक्टॅम्नस. युरोपात ‘डिक्टॅम्नस’ नावानं आणखी एक वनस्पती मिळते. ती लिंबाच्या कुळातली. तिचा रस अंगाला लागून ऊन पडलं तर फोड येतात. नकली दिक्तमोची तक्रार जुनीच आहे. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस यानंही खऱ्या दिक्तमोसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या झाडाबद्दल लिहिलं आहे.

फुलोऱ्यासकट कापलेल्या फांद्या सावलीत वाळवतात. क्रीटमध्ये सर्दी-खोकल्याला किंवा पोट बिघडलं की त्याचा काढा घेतात. गरोदरपणात मात्र तो टाळावा. चिमूटभर पानं, कपभर उकळतं पाणी, वर झाकणी. पाच मिनिटांनी गाळायचं आणि वाटलं तर मध घालायचा.