तंजावूर ते मनोरा : सरफोजी राजांनी वाटेवर ठेवलेल्या खुणा आणि त्यांचे वाचक

तंजावूर : तंजावूरला येणारा मराठी प्रवासी सहसा तीन ठिकाणे पाहून परततो. राजवाड्यातील दरबार सभागृह, त्याला लागून असलेले सरस्वती महाल ग्रंथालय आणि शहराच्या दुसऱ्या अंगाला उभे असलेले बृहदीश्वर मंदिर. परंतु भोसले घराण्याने या भूमीवर ठेवलेल्या खुणा राजवाड्याच्या तटाशी संपत नाहीत. शहरातून दक्षिणेला पट्टुकोट्टैमार्गे समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर भातशेती आणि नारळीच्या बागांमधून त्या पुढे चालू राहतात. यांतील तीन खुणा, म्हणजे एक छत्र, एक शिलालेख आणि एक मनोरा, या एकाच राजाने १८०२ ते १८१४ या अवघ्या बारा वर्षांच्या काळात उभारल्या. तिन्ही खुणांचा अपेक्षित वाचक वेगळा होता. त्या वाचकांपैकी आज तेथे कोण उरले आहे, हा प्रश्न पर्यटनापुरता मर्यादित नाही. कोणती वास्तू टिकेल आणि कोणती ढासळेल, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरत आले आहे.

या खुणा समजून घ्यायच्या तर त्या उभारणाऱ्या राजाची परिस्थिती आधी पाहावी लागते. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूरची गादी मिळवली. त्यानंतर सुमारे शतकभराने, १७८७ मध्ये, तुळजाजी राजांनी मृत्यूपूर्वी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले. हे दत्तकविधान वादात सापडले आणि तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर आले. अखेर १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पाठबळावर सरफोजी राजे झाले. पाठबळाची किंमत पुढच्याच वर्षी चुकवावी लागली. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांकडे तंजावूरचा किल्ला, त्याभोवतीचा थोडा प्रदेश, ठरावीक उत्पन्न व मानमरातब एवढेच उरले. वयाच्या बाविसाव्या वर्षी सरफोजी राजे होते, पण त्यांना राज्य नव्हते. १८३२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ही स्थिती बदलली नाही. सैन्य, महसूल आणि न्याय हातातून गेल्यावर राजाकडे जे करण्यासारखे उरते, ते त्यांनी केले. ग्रंथ जमवले, रोग्यांवर उपचारांची सोय केली, छापखाना काढला, आणि दगडावर लिहिले.

त्यांतील सर्वांत मोठे लेखन बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात आहे. राजराज चोळाने बांधलेले हे मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण झाले आणि त्याच्या जोत्यावर, भिंतींवर तमिळमधील शेकडो ओळी कोरलेल्या आहेत. दानात दिलेली गावे, दागिने, दिवे, नर्तकी, वादक या सर्वांची तेथे नोंद आहे. आठशे वर्षांनी, डिसेंबर १८०३ मध्ये, त्याच मंदिराच्या नैर्ऋत्येकडील ओवऱ्यांच्या भिंतीवर मराठी लेख कोरला गेला. ‘भोंसले वंश चरित्र’ या नावाने ओळखला जाणारा हा लेख सरफोजींच्या आज्ञेवरून त्यांचे चिटणीस बाबूराय यांनी सिद्ध केला. देशातील सर्वांत दीर्घ शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. पुराणकालीन पूर्वजांपासून आरंभ करून मालोजी, शहाजी, शिवाजी, एकोजी असा वंश तो सरफोजींपर्यंत आणून पोहोचवतो.

इतिहासाचे साधन म्हणून हा लेख जपून वापरावा लागतो. जुन्या काळाविषयी त्यात आख्यायिका आणि इतिहास यांची सरमिसळ आहे आणि कालानुक्रमातही चुका आहेत, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. मात्र त्याचे खरे महत्त्व तो कधी कोरला गेला यात आहे. ज्याच्या दत्तकविधानावर दहा वर्षे वाद झाला आणि ज्याचे राज्य चार वर्षांपूर्वी गेले, त्या राजाने आपली वंशावळ चोळांच्या मंदिरात दगडावर कायम केली. तहाचा कागद कंपनीच्या दप्तरात होता. हा दुसरा कागद देवाच्या दारात राहिला.

लिपीची निवडही लक्षात घेण्यासारखी आहे. तंजावूर दरबाराचा दैनंदिन मराठी व्यवहार मोडी लिपीत चाले. भिंतीवरचा लेख मात्र बाळबोध, म्हणजे देवनागरी अक्षरांत आहे. घाईने लिहायची मोडी दप्तरासाठी होती, तर सावकाश वाचायची देवनागरी पुढील पिढ्यांसाठी. शिलालेखानंतर दोनच वर्षांनी राजवाड्यात सुरू झालेल्या छापखान्यातही देवनागरीचेच खिळे वापरले गेले आणि १८०६ मध्ये इसापनीतीचे मराठी रूपांतर ‘बालबोध मुक्तावली’ तेथे छापले गेले. महाराष्ट्रात मराठी मुद्रणाचे युग अजून सुरू व्हायचे होते.

या भिंतीपासून जवळच, शिवगंगा किल्ल्याच्या आवारातील चर्चमध्ये, सरफोजींनी वेगळ्याच वाचकासाठी केलेली एक खूण आहे. जर्मन मिशनरी क्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ हे त्यांचे बालपणीचे पालक आणि शिक्षक. १७९८ मध्ये श्वार्ट्‌झ वारले. त्यांच्या मृत्युशय्येजवळ उभे असलेले राजे दाखवणारे संगमरवरी शिल्प सरफोजींनी इंग्लंडमधील नामवंत शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून घडवून घेतले. एका हिंदू राजाने ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे स्मारक परदेशातून करवून आणावे, याचे त्या काळी युरोपात मोठे अप्रूप वाटले. शिवमंदिरातील मराठी वंशावळ आणि चर्चमधील हे शिल्प एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहेत, पण एका फेरीत दोन्ही पाहणारे विरळाच.

रस्त्यावरचे राज्य

तंजावूरहून दक्षिणेला सुमारे वीस-बावीस किलोमीटरवर ओरत्तनाडू हे गाव लागते. येथील मुक्तांबाळ छत्र सरफोजींनी १८०२ मध्ये उभारले. त्यांच्या प्रिय सहचारिणी मुक्तांबाळ यांनी आपल्या नावे एखादे छत्र असावे अशी इच्छा मृत्यूपूर्वी व्यक्त केल्याचे सांगितले जाते. तमिळमधील ‘सत्तिरम’ किंवा ‘छत्रम’ म्हणजे मराठी वाचकाला परिचित असलेले अन्नछत्र. मूळ शब्द संस्कृत ‘सत्र’. इमारतीच्या जोत्यावर घोडे आणि हत्ती असे कोरले आहेत की संपूर्ण वास्तूच रथासारखी ओढली जात असल्याचा भास व्हावा. रामेश्वरच्या वाटेवरील धर्मशाळेला हे रूप शोभणारेच.

छत्रे ही तंजावूरच्या भोसल्यांची जुनी परंपरा होती. काशीहून रामेश्वरला जाणारे यात्रेकरू याच प्रदेशातून जात आणि त्यांच्या मुक्कामासाठी राजघराण्याने, विशेषतः घराण्यातील स्त्रियांच्या नावाने, ठिकठिकाणी छत्रे बांधून त्यांना गावे तोडून दिली होती. नीडामंगलम येथील यमुनांबाळ छत्र हे त्यांपैकीच एक. समुद्रकाठच्या सेतुबावाछत्रम या गावाच्या नावातच छत्र आहे आणि आज तेच नाव तेथील विकासगटालाही आहे. राज्य गेल्यावर या संस्थांचे काय होणार, ही सरफोजींची मोठी चिंता होती. १८०१ मध्ये त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेले पत्र याच विषयावर आहे.

त्या पत्रातील तपशील आजही वाचणाऱ्याला थांबवतो. छत्रात येणाऱ्या प्रत्येकाला, ब्राह्मणापासून ज्यांना समाज अस्पृश्य मानत होता त्यांच्यापर्यंत, जोगी, जंगम, अतीत, बैरागी अशा सर्व पंथांच्या यात्रेकरूंना शिजवलेले अन्न मिळे. शिजवलेले अन्न न घेणाऱ्यांना कोरडा शिधा दिला जाई. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असल्यास जेवायला यावे, असे पुकारले जात असे. आजारी वाटसरूंसाठी वैद्य होते, सर्पदंशावर उपचार करणारे होते. बाळंतिणींची व अर्भकांच्या दुधाची सोय होती. शिक्षक होते, अनाथ मुलांचा सांभाळ होता आणि वाटेत मरण पावलेल्यांच्या अंत्यविधीचीही तरतूद होती. अर्थात, हे पत्र म्हणजे एक विनंतीअर्ज आहे. छत्रांच्या जमिनी आपल्या हाती राहाव्यात म्हणून लिहिणारा राजा त्यांचे उणे बाजू सांगणार नाही. तरीही चांगल्या राज्याची त्याची कल्पना काय होती, हे त्यातून कळते आणि ती किल्ल्यात नव्हे, रस्त्यावर होती.

छत्राच्या दारावर लेख असो वा नसो, भुकेल्या वाटसरूला त्याचा अर्थ लावण्यासाठी अक्षरओळख लागत नव्हती. हीच या खुणांची ताकद होती आणि पुढे तीच त्यांची दुर्बलता ठरली. रेल्वे आली, यात्रेकरूंची पायवाट मोडली आणि वाचकच नाहीसा झाला. ओरत्तनाडूच्या छत्राचा काही भाग शिक्षणासाठी वापरात आला, बाकीच्या भागाने दीर्घकाळ पडझड सोसली. मंदिर पूजेमुळे आणि राजवाडा तिकिटामुळे माणसांच्या नजरेसमोर राहतो. ज्या वास्तूचे कामच संपले, तिच्याकडे पाहायला कोणी थांबत नाही.

समुद्रकाठचा मनोरा

हाच रस्ता पट्टुकोट्टै ओलांडून मल्लिपट्टिणमजवळ समुद्राला मिळतो. तंजावूरपासून साधारण पासष्ट किलोमीटरवरील या किनाऱ्यावर एक षट्‌कोनी, मजल्यांवर मजले चढवलेली उंच इमारत उभी आहे. आसपासच्या वस्तीचे नाव शरभेंद्रराजपट्टिणम. शरभेंद्र हे सरफोजी नावाचे संस्कृत रूप. इमारतीचे नाव मात्र ‘मनोरा’. तमिळ भाषकासाठी ते केवळ विशेषनाम आहे. मराठी माणसाला ते ऐकताक्षणी कळते.

हा मनोरा नेपोलियनवरील ब्रिटिशांच्या विजयाचे स्मारक आहे. मराठी, तमिळ आणि इंग्रजीसह अनेक भाषांतील शिलालेखांमध्ये ब्रिटिश सरकारचे मित्र म्हणवणाऱ्या राजांनी बोनापार्टच्या पतनाप्रीत्यर्थ हा स्तंभ उभारल्याचे नमूद आहे. पर्यटकांना बहुधा वॉटर्लूचे नाव सांगितले जाते. पण लेखातील साल १८१४ आहे आणि वॉटर्लूची लढाई जून १८१५ मधील. लेखातील पतन हे एप्रिल १८१४ मधले, म्हणजे नेपोलियनने सिंहासन सोडून एल्बा बेटावर जाण्याचे, असे मानणेच सालाशी सुसंगत ठरते. दोनशे वर्षांनंतरही ही गल्लत टिकून आहे, कारण दगडावरचा मजकूर वाचण्यापेक्षा ऐकीव माहिती पुढे सांगणे सोपे असते.

मराठी वाचकाला येथे अवघडल्यासारखे होणे स्वाभाविक आहे. १८१४ मध्ये पुण्यात पेशवाई अजून होती आणि चार वर्षांनी ज्या सत्तेने ती संपवली, तिच्याच विजयाचा हा स्तंभ एका भोसले राजाने बांधला. परंतु त्याला निव्वळ लाचारी म्हणणे घाईचे ठरेल. ज्याचे उत्पन्न, मानमरातब आणि छत्रांच्या जमिनी कंपनीच्या मर्जीवर अवलंबून होत्या, त्याने कंपनीला समजेल अशा भाषेत लिहिलेले हे निवेदनही आहे. त्यातून संस्थान मात्र वाचले नाही. सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे १८५५ मध्ये पुत्राविना वारले आणि कंपनीने तंजावूर संस्थान खालसा केले. २००४ च्या सुनामीचा तडाखा मनोऱ्याच्या परिसरालाही बसला.

फलक कोणाचा, भाषा कोणती

रस्त्याकडेच्या वास्तूंची ओळख करून देणारे फलक ही तुलनेने अलीकडची कल्पना आहे. लंडनमध्ये नामवंतांच्या घरांवर गोल फलक लावण्यास १८६७ मध्ये सुरुवात झाली. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने १९२७ पासून मोटारीतून जाणाऱ्यांसाठी महामार्गांवर ऐतिहासिक फलक उभारले. भारतात हे काम मुख्यतः वास्तूच्या कायदेशीर दर्जाशी जोडलेले आहे. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली आलेल्या स्मारकांवर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे फलक असतात, तर राज्याच्या संरक्षणाखालील वास्तूंना तमिळनाडूचा १९६६ चा कायदा लागू होतो. बृहदीश्वर मंदिर १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे त्याच्या भिंतीवरील मराठी लेखालाही आपोआप संरक्षण मिळाले. गावोगावच्या छत्रांचे तसे नाही. कायद्याच्या यादीत नाव नसले, की जुनी वास्तू ही केवळ जुनी इमारत ठरते.

मराठी लेखाची अडचण आणखी वेगळी आहे. स्थानिक तमिळ अभ्यागताला देवनागरी वाचता येत नाही. तंजावुरी मराठी घरात बोलणाऱ्या अनेक कुटुंबांतही लिहिण्या-वाचण्याची भाषा आता तमिळच आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना अक्षरे ओळखीची वाटतात, पण गाभाऱ्याकडे जाणाऱ्या गर्दीतून प्राकाराच्या नैर्ऋत्य भागातील ओवरीकडे वळावे लागते, हे कोणी सांगितले तरच ते तेथे पोहोचतात.

राजवाड्यातील सरस्वती महालात मराठी हस्तलिखितांबरोबर मोडी कागदपत्रांची गाठोडी आहेत. दरबारच्या दैनंदिन खर्चापासून छत्रांच्या कारभारापर्यंतच्या नोंदी या दप्तरात सापडतात. तंजावूरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदपत्रांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले असून, छत्रांचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या मराठी अभ्यासकालाही आज अनेकदा त्या तमिळ खंडांचाच आधार घ्यावा लागतो.