युवा धोरण: हक्क किती, आश्वासन किती

धोरण, योजना आणि कायदा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हिमायतनगर तालुक्यातल्या पोरांना त्यातला फरक नीट सांगायला हवा, कारण तो माहीत नसल्यामुळे वर्षं वाया जातात.

गैरसमज: युवा धोरण आहे म्हणजे नोकरी देणं सरकारला बंधनकारक आहे.

देशाचं पहिलं राष्ट्रीय युवा धोरण 1988 साली आलं, त्यानंतर 2003 आणि 2014 साली नवी धोरणं आली. 2014च्या धोरणात शिक्षण, रोजगार, आरोग्य, क्रीडा अशी 11 प्राधान्यक्षेत्रं आहेत. पण धोरण हा कायदा नव्हे. त्याच्या जोरावर कोणाला कोर्टात जाऊन नोकरी मागता येत नाही. संविधानाचं कलम 41 कामाच्या हक्काबद्दल बोलतं, मात्र तेही मार्गदर्शक तत्त्व आहे आणि त्याला राज्याच्या आर्थिक कुवतीची मर्यादा घातलेली आहे.

कायद्याने कामाची हमी पहिल्यांदा दिली ती आपल्याच महाराष्ट्राने. 1972च्या दुष्काळातल्या कामांच्या अनुभवातून 1977 साली रोजगार हमी कायदा झाला. पण ती हमी अंगमेहनतीच्या अकुशल कामाची. बी.ए., बी.एस्सी. झालेल्या मुलाला त्याच्या शिक्षणाला साजेसं काम मिळेल अशी हमी कोणत्याही कायद्यात नाही. हे कटू आहे, पण ते माहीत असलेलं बरं.

गैरसमज: पोरं शिकत नाहीत म्हणून बेकार राहतात.

आकडे नेमकं उलट सांगतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांनी 2024 साली भारतातल्या रोजगारावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार 2022 साली लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारी 3.4 टक्के होती, तर पदवीधर तरुणांत 29.1 टक्के. याचा अर्थ शिक्षण निरुपयोगी आहे असा नाही. निरक्षर माणसाला घरी बसणं परवडत नाही, मिळेल ते काम तो पत्करतो. पदवीधर मात्र शिक्षणाला साजेशा कामाची वाट पाहतो, आणि तशी कामं तालुक्याच्या गावी फार थोडी आहेत.

इथे आणखी एक गोष्ट लपलेली आहे. सरकारी श्रमबल पाहणीत घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारा माणूस 'कामावर' धरला जातो. म्हणजे वडिलांच्या चार एकर कापूस-सोयाबीनमध्ये फवारणी करणारा, संध्याकाळी पोलीस भरतीसाठी धावणारा पदवीधर त्या आकड्यांत बेरोजगार म्हणून दिसेलच असं नाही. त्याच्या हातात स्वतःचा रुपया नसतो. मोजणीतली ही रीत जगभर चालते, पण मराठवाड्यासारख्या शेतीवर टेकलेल्या भागाचं दुखणं त्यामुळे निम्मं झाकलं जातं. माझ्या मते युवा धोरणावरच्या कुठल्याही चर्चेची सुरुवात इथून व्हायला हवी.

गैरसमज: 'युवा' म्हणजे कोण, हे सगळीकडे एकच आहे.

संयुक्त राष्ट्रं आकडेवारीसाठी 15 ते 24 वय धरतात, 2014चं राष्ट्रीय धोरण 15 ते 29 आणि महाराष्ट्राचं 2012चं युवा धोरण 13 ते 35. बत्तीस वर्षांचा माणूस मुंबईच्या हिशेबात युवा आहे, दिल्लीच्या नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी त्या-त्या योजनेची वयोमर्यादा पाहावी.

गैरसमज: कार्य प्रशिक्षण घेतलं की त्याच कार्यालयात कायम होता येतं.

2024 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं. मुदत आधी 6 महिन्यांची होती, पुढे ती 11 महिन्यांची झाली. ही नेमणूक नव्हे, प्रशिक्षण आहे. कायम करा म्हणून प्रशिक्षणार्थींनी आंदोलनं केली. त्यांची तळमळ खरी आहे, पण योजनेच्या नियमांत तशी तरतूद नाही.

गैरसमज: उद्योगासाठी अर्ज केला की अनुदान रोख हातात पडतं.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या 25 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटांना 35 टक्के अनुदान आहे. पण ते बँकेत 3 वर्षं ठेव म्हणून राहतं आणि नंतर कर्जखात्यात वळतं. स्वतःचा वाटाही भरावा लागतो: सर्वसाधारण गटाला 10 टक्के, विशेष गटांना 5 टक्के. कर्ज मंजूर करायचं की नाही, हे बँक ठरवते. हळद दळण्याची गिरणी टाकायची असेल तर हा हिशेब आधी घरात मांडावा, दलालाच्या तोंडून ऐकू नये.

गैरसमज: निर्णय वर होतात, गावातल्या तरुणाला कोण विचारतो?

वयाची 18 वर्षं पूर्ण होऊन मतदार यादीत नाव लागलं की प्रत्येक जण आपोआप ग्रामसभेचा सदस्य होतो. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. 21व्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येते. ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गावातली वीस-पंचवीस मुलं-मुली तयारीनिशी बसली तर अभ्यासिका, मैदान, बंद पडलेली व्यायामशाळा हे विषय गावाच्या विकास आराखड्यात घेण्याची मागणी कामकाजात नोंदवता येते आणि पुढच्या सभेत तिचं काय झालं, हे विचारता येतं.