पुळणीवरची राखण

मंडणगड तालुक्यातलं वेळास पूर्वी नाना फडणविसांचं गाव म्हणून माहीत असे. आता पुण्या-मुंबईच्या माणसाला वेळास म्हटलं की कासवं आठवतात. हा बदल गेल्या वीसेक वर्षांतला, आणि त्याची सुरुवात कासवांपासून झालेलीच नाही.

चिपळूणची ‘सह्याद्री निसर्गमित्र’ ही भाऊ काटदरे यांनी १९९२ मध्ये सुरू केलेली संस्था. समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी किनारा पालथा घालताना २००२ मध्ये तिच्या कार्यकर्त्यांना वेळासच्या पुळणीवर कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशीत कळलं ते असं : ऑलिव्ह रिडलेच्या माद्या दर हंगामात इथे येतात, वाळूत शंभरेक अंडी पुरून परत जातात, मग माणसं ती उकरून नेतात आणि राहिलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या वाट्याला जातात. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाचं नाव केव्हाच होतं. पण कायदा काही रात्री दोन वाजता पुळणीवर येऊन बसत नाही.

इथे ना अभयारण्य, ना राष्ट्रीय उद्यान. मग राखण करायची कोणी? गावकऱ्यांनीच. पहाटेपूर्वी किनारा चालायचा, मादीच्या वल्ह्यांचा माग ओळखायचा, अंडी हलक्या हाताने काढून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुन्हा पुरायची आणि तारीख लिहून ठेवायची. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात. पहिल्याच हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात गेली.

आकडा मोठा होता, पण मला महत्त्वाचं वाटतं ते २००६ मध्ये उचललेलं पाऊल : कासव महोत्सव. असल्या कामासाठी आपल्याकडे सहसा देणग्या मागितल्या जातात, आणि पावतीपुस्तक संपलं की उत्साहही संपतो. वेळासमध्ये पाहुणे आले ते गावकऱ्यांच्या घरी उतरले, ओसरीवर झोपले, उकडीचे मोदक आणि सोलकढी जेवले, आणि पैसे त्या त्या घरच्या बाईच्या हातात पडले. अंड्यांपेक्षा पिल्लं जास्त मिळवून देतात, हे गावाला व्याख्यानातून कळलं नाही, घरखर्चातून कळलं. पुढे आंजर्ल्यालाही असा महोत्सव होऊ लागला, वनविभाग आणि कांदळवन कक्ष कामात उतरले, आणि किनाऱ्यावर ‘कासवमित्र’ नेमले गेले.

सगळं गोडच झालं असं नाही. सकाळ-संध्याकाळ घरट्यावर झाकलेली टोपली उचलली जाते, तेव्हा खाली पिल्लू असेलच याची हमी कोण देणार? तरी गाडीचं पेट्रोल जाळून आलेला पाहुणा नाराज होतो. काहींना फोटोत पिल्लू हवं असतं, समुद्रात गेलेलं नको. अशांना दोरीच्या अलीकडे थोपवून धरणं हीसुद्धा आता राखणच झाली आहे. शिवाय पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू तापली की माद्या वाढतात. तापत चाललेल्या उन्हाळ्यावर जाळीचं कुंपण पुरं पडणार नाही.

तरी या राखणीतून मिळालेलं ज्ञान थोडं नाही. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला गेला. पश्चिम किनाऱ्यावरचा रिडलेवरचा तो पहिला. पुढच्या वर्षी गुहागरला टॅग लावलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. मग २०२५ च्या जानेवारीत उलटं घडलं. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं वेगळी, असं तोवर मानलं जाई. आता त्या समजुतीचा फेरविचार सुरू झाला आहे, आणि त्याला निमित्त ठरला रात्रीच्या गस्तीत विजेरीच्या उजेडात वाचलेला टॅगवरचा एक क्रमांक.